थुंकीचा पंचनामा

आत्या निर्दोष सुटली. आमच्या घरावर एवढा वाईट प्रसंग याआधी कधी आला नव्हता.

पण ते जाऊ द्या. असं अजून काही झालेलंच नाही. बुधवार आहे, सकाळचे साडेसात वाजलेत, आत्या अजून निर्दोष वगैरे काही नाही, आणि मी तिच्या हातात चहाचा कप देऊन तिच्या तोंडावर खोटं बोलतोय.

"काल काय टाइप केलंस?" आत्याने विचारलं.

"विशेष काही नाही."

"विशेष नसलेलं सांग."

मी वृक्ष विभागात कामाला आहे. पदाचं नाव 'माहिती नोंदणी सहायक'. माहिती दुसरे देतात, साहाय्य कोणी मागत नाही, त्यामुळे माझ्या वाट्याला नोंदणी उरते. आदल्या दिवशी मी एक आदेश टाइप केला होता: शाळेच्या रस्त्यावरील झाड क्रमांक १०० ते १२० यांची खोडं येत्या सोमवारी फवाऱ्याने धुऊन त्यांवरील शेवाळ, जाळी व इतर अस्वच्छता काढून टाकावी. टायपिंगमध्ये एकही चूक नव्हती. साहेबांनी मान डोलावली होती. साहेब मान डोलावतात तेव्हा कुठेतरी काहीतरी मरतं, हे मला तीन वर्षांच्या नोकरीत कळलं आहे.

झाड क्रमांक ११४ वर आत्याचं शेवाळ होतं.

आत्याचं म्हणजे तिने लावलेलं नव्हे. तिने बघितलेलं. आत्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मदतनीस होती. कामाचं स्वरूप: सूक्ष्मदर्शकाखाली बघून झालेल्या काचा धुणे. आत्या धुण्याआधी काच स्वतः बघायची. त्यामुळे तिथल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी जे जे बघितलं ते सगळं तिने बघितलं आणि सर जे बघायला विसरले तेही. निवृत्तीच्या दिवशी कॉलेजने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. तिने ते परत करून भंगारात काढलेला सूक्ष्मदर्शक मागून घेतला. तो आता आमच्या ओट्यावर मिक्सरशेजारी असतो. दोघं एकाच प्लगवर चालतात, म्हणून आमच्या घरी वाटण आणि विज्ञान एका वेळी होत नाही.

मी आदेश सांगितला. आत्याने कप खाली ठेवला.

"नियम एकोणीस माहीत आहे ना तुला?"

माहीत होता. तोही मीच टाइप केलाय. रस्त्यावरच्या झाडावर मूळची, म्हणजे इथलीच, वनस्पती उगवली असेल तर ती काढता येत नाही. बाकी जे काही उगवेल ती अस्वच्छता.

"फाइलमध्ये तज्ज्ञांचं मत लावलंय," मी म्हणालो. "सामान्य शेवाळ. बाहेरून आलेले. संरक्षणास अपात्र."

"तज्ज्ञ कोण?"

मी खिडकीतून बाहेर बघायला लागलो.

"सर?"

"सर."

"आले होते झाडापाशी?"

"फोटोवरून दिलंय मत. फोटोत अर्धा अंगठा आहे. आमच्या शिपायाचा."

आत्या हसली नाही. एवढ्यात माझे बाबा, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, दाढी करत करत दारात आले. बाबांना सरकारी कागद दिसला की उचकी लागते. त्यांनी अर्ध्या फेसातून विचारलं, "काय झालं ताई? कुठे सही लागणारे का?"

"शेवाळ धुणारेत."

"मग बरं झालं की. घसरत नाही माणूस."

"झाडावरून कोण घसरतं रे?"

बाबांनी थोडा विचार केला आणि उरलेली दाढी करायला गेले.

मग आत्याने मला समजावून सांगितलं, आणि तुम्हालाही आताच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा गोंधळ यावरच उभा आहे. शेवाळं दोन. एक नर्सरीच्या कुंड्यांबरोबर बाहेरून आलेलं, ते आता जिकडे तिकडे. दुसरं इथलंच, जे आत्याने आयुष्यात एकदाच, एका काचेवर, सरांनी न बघता बाजूला ठेवलेल्या काचेवर बघितलं होतं. दोन्ही जुळ्या बहिणींसारखी. उन्हाने वाळली की दोघींची पानं कुरळी होतात, एक थेंब पडला की दोघींची सरळ. फरक फक्त दातांत. शेवाळाला आगकाडीच्या गुलाहून बारीक बोंडं येतात. बोंडावर टोपी, टोपीखाली झाकण, झाकण पडलं की तोंडाभोवती दात. बाहेरून आलेलीचे दात सोळा आणि सुटे. इथलीचे दोन-दोन चिकटलेले, म्हणजे आठ जोड्या.

"मग मोज की."

"बोंडं हिरवी आहेत. टोप्या पडायला तीन आठवडे लागतील."

"चिमट्याने काढ टोपी."

"तू चार महिन्यांचा असताना तुझं तोंड उघडून कोणी दात मोजले असते तर काय निघालं असतं?"

"हिरड्या."

"मग."

मी डोकं चालवलं. "मी आदेशात ११४ वगळतो. टायपिंगची चूक म्हणू. पुढच्या वर्षी उघडकीला येईल."

आत्याने माझ्याकडे असं बघितलं की मी काच असतो तर धुतलाच गेलो असतो. "खोटं लिहून वाचवलेलं शेवाळ मला नको. न बघता लिहायला तिकडे सर आहेत. आपण बघून लिहायचं. मला तीन आठवडे पाहिजेत, खरे."

सोमवारला पाच दिवस होते.

गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्ही दोघं ११४ पाशी गेलो. ऊन कडक होतं. शेवाळ वाळून काळपट पडलं होतं. वाटावं की कोणीतरी जुनी लोकर खोडाला चिकटवून विसरलंय. ते जिवंत आहे की नाही हे आत्याला बघायचं होतं. तिने एका हाताने भिंग डोळ्याला लावलं, दुसरा हात तोल सांभाळायला खोडावर टेकला, नाक शेवाळापासून वीतभर अंतरावर नेलं आणि थुंकली.

थुंकली म्हणजे अगदी बेताने. या धंद्यात सगळे असंच करतात, असं ती म्हणते. बाटली धरायला तिसरा हात नसतो, आणि बाटलीतून ओतलं की पूर येतो. थेंबाखाली चार-पाच कुरळी पानं जागच्या जागी उलगडली, हिरवी झाली. मीही बघितलं. आळस देऊन माणूस उठतो तसं.

"जिवंत आहे," आत्या म्हणाली, आणि शिट्टी वाजली.

स्वच्छता पथकाचा माणूस होता. पिवळं जाकीट, गळ्यात शिट्टी, हातात नोटिशींचं पुस्तक. वय माझ्याएवढंच. त्याला आपण शिट्टी म्हणू, कारण पुढे सगळे तेच म्हणायला लागले.

"आजी, झाडावर थुंकलात."

"झाडावर नाही. शेवाळावर."

"तेच ते."

"तेच ते असतं तर मी या उन्हात इथे उभी राहिले असते का?"

शिट्टीने माझ्याकडे बघितलं. मी बुटांकडे बघितलं. त्याने पुस्तक उघडलं. "थुंकीचे ठिकाण. भिंत, जिना, रस्ता, इतर. मी इतर लिहितो."

"इतर म्हणजे काय ते लिहा."

"इतर, झाड क्रमांक ११४."

"कुठल्या बाजूला?"

"आजी, लोक थुंकून पळून जातात. तुम्ही मोजमाप देताय."

"तुम्ही पंचनामा करताय ना? मग नीट करा. उत्तर बाजू. शेवाळावर. आणि कोणत्या शेवाळावर तेही लिहा."

"कोणत्या?"

"इथल्याच."

"हे तुम्हाला नक्की माहीत आहे?"

आत्या थांबली. खरं बोलायची सवय असली की माणूस नको तिथे थांबतो. "नाही. अजून नाही. मला तसं वाटतं."

शिट्टीने पेनचं टोक चावलं आणि सुबक अक्षरात लिहिलं: *शेवाळ, इथलेच (थुंकणारीच्या मते).* त्या शेवाळाबद्दल सरकारी कागदावर लिहिलं गेलेलं हे पहिलं अचूक वाक्य.

"सही करा आणि जा," तो म्हणाला. "पहिली वेळ आहे, समज देऊन सोडतो."

मला एक खोड आहे. मी कागदाची मागची बाजू वाचतो. कोणीतरी ती टाइप केलेली असते आणि कोणीच वाचत नाही, म्हणून मला वाईट वाटतं. नोटिशीच्या मागे बारीक अक्षरांत होतं: *संबंधित व्यक्तीने हरकत घेतल्यास सुनावणीचा निकाल लागेपर्यंत घटनास्थळ जैसे थे ठेवण्यात यावे. धुणे, पुसणे, खरवडणे व रंगवणे यांस सक्त मनाई.*

मी ते मोठ्याने वाचलं. आत्याने माझ्या हातून कागद घेऊन भिंगाखाली धरला आणि तीनदा वाचला.

"सुनावणी कधी लागते?" तिने शिट्टीला विचारलं.

"पंचवीस दिवसांनी. पण आजी, हरकत घेऊ नका. उगाच हेलपाटे. आणि तुम्ही थुंकलात हे मी बघितलंय."

"थुंकले ना. कोण नाही म्हणतंय? पण घाण करायला नाही, ओळख पटवायला. ही माझी हरकत. लिहा."

सोमवारी फवाऱ्याची गाडी आली. शंभर ते एकशे तेरा धुतली, एकशे चौदाला पिवळी पट्टी गुंडाळलेली होती म्हणून ओलांडून पुढे गेली, एकशे पंधरा ते एकशे वीस धुतली. वीस झाडं आंघोळ घालून शाळेत पाठवलेल्या पोरांसारखी गपगार उभी. मधे एक पारोसं, पट्टी बांधून, गुन्ह्यातला पुरावा म्हणून सरकारी संरक्षणात. घटनास्थळावर रोज नजर ठेवायचं काम शिट्टीला लागलं. पहिल्या दिवशी तो लांबून बघायचा. चौथ्या दिवशी त्याने आत्याचं भिंग मागितलं. दहाव्या दिवशी त्याचा मला ऑफिसात फोन आला: "तुमच्या आत्यांना सांगा, डावीकडच्या तिसऱ्या बोंडाची टोपी तिरकी झालीये. वाऱ्याने का आपणहून, ते कळत नाही."

आत्या खूश होती. बाबा झुरत होते.

"ताई, आपल्या घरातलं कोणी कधी सुनावणीला उभं राहिलेलं नाही."

"म्हणून तर आपलं कोणी कधी ऐकलेलं नाही."

"शेजारी विचारतात, कसली केस. मी काय सांगू? थुंकीची?"

"सांग की. खुनाची सांगितलीस तर जास्त विचारतील."

बाबांना रात्र रात्र झोप लागेना. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपणहून सरकारला पत्र लिहिलं. आम्हाला न विचारता. माझी मोठी बहीण अडुसष्ट वर्षांची आहे, तिचा उजवा गुडघा दुखतो, सदर कृत्य तिच्या हातून अनवधानाने झाले, तरी दया व्हावी. सोबत जन्मदाखल्याची प्रत आणि गुडघ्याचा एक्स-रे. पत्र सुनावणी अधिकारी मॅडमना मिळालं. मॅडम मनाने चांगल्या होत्या. सरकारी कामात याहून मोठा धोका नाही. त्यांनी तारीख अलीकडे आणली. सोळाव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी अकराला, आम्ही त्यांच्या खोलीत.

खोलीत एक पंखा, तीन कपाटं, कपाटांवर फायली, फायलींवर पंखा चालू असताना ठेवायचे दगड. मॅडमच्या उजवीकडे सर बसले होते. पंचनाम्यात 'इथलेच' हा शब्द आल्यामुळे तज्ज्ञांना बोलावणं नियमाने आलं होतं. त्यांनी आत्याकडे नीट बघितलं.

"तू आमच्या लॅबमध्ये काचा धुवायचीस ना गं?"

"हो सर. तुमचं बघून झाल्यावर. कधी कधी तुमचं बघायचं राहिल्यावर."

"हे शेवाळ अगदी सामान्य आहे. फोटो बघितलाय मी."

"फोटोत अंगठा होता, सर."

"अंगठ्याच्या बाजूला होतं."

"दात मोजलेत?"

"तू मोजलेस?"

"नाही. टोप्या अजून पडायच्यात."

सर मॅडमकडे वळून हसले. "बघा. म्हणजे हिलाही माहीत नाही."

"नाही माहीत," आत्या म्हणाली. "म्हणून मी कुठे लिहिलेलं नाही. तुम्ही लिहिलंत."

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि तेवढ्यात काही बदललंय का हे बघावं तसं आत्याकडे बघितलं. काही बदललं नव्हतं.

"आजी," मॅडम समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "शेवाळ कुठलं हा विषय माझ्यापुढे नाही. माझ्यापुढे फक्त थुंकी आहे. तुमच्या भावाने फार चांगलं पत्र लिहिलंय. वय, गुडघा, अनवधान. मी तुम्हाला मोकळं करते."

"मला मोकळं करू नका."

"निर्दोष."

"मी जाणूनबुजून थुंकले. भिंगातून नेम धरून."

"चिडू नका. पाणी घ्या." आणि त्यांनी शिक्का मारला. "पट्टी काढून टाका, आणि ते एक झाड राहिलंय तेही सोमवारी धुऊन घ्या."

शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं. आदेश मीच टाइप करायचा होता.

बाहेर बाबा उभे होते. चेहरा असा की त्यांनाच कोणीतरी सोडलंय. "सुटलीस ना, ताई?"

आत्याने त्यांना सगळं सांगितलं. आवाज न चढवता, बोंड, टोपी, झाकण, दात, सोमवार, अशा क्रमाने. बाबांनी सोळा दिवसांत पहिल्यांदा ते नीट ऐकलं.

"मला वाटलं मी तुला वाचवतोय."

"वाचवलंस की. फक्त मला विचारलं असतंस, कोणाला वाचवायचंय, तर बरं झालं असतं."

"मग परत थुंक."

मी बाबांकडे बघितलं. माझ्या वडिलांनी हे वाक्य उच्चारलं याची कुठे नोंद करता येते का, असं मला वाटलं.

आम्ही तिघं ११४ पाशी गेलो. शिट्टी पट्टी सोडवत होता, एक एक वेटोळं, जमेल तितकं हळू. आत्याने थुंकायची तयारी केली तसा तो म्हणाला, "काही उपयोग नाही. वरून फोन आलाय. या आजींना परत पकडायचं नाही. वयामुळे."

"म्हणजे मी आता कुठेही थुंकू शकते?"

"शहरभर."

"असली सवलत मला नको," आत्या म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिचा आवाज किंचित हलला.

मी थुंकलो असतो. पण कर्मचारी थुंकला तर ते प्रकरण विभागीय चौकशीत जातं, आणि तिथल्या कागदाच्या मागच्या बाजूला जैसे थेचं कलम नाही. मी बघितलंय.

राहिले बाबा. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि झाडासमोर उभे राहिले. शिट्टीने शिट्टी तोंडात धरून पुस्तक उघडलं. आम्ही वाट बघितली. बाबांनी तोंड हलवलं, गाल आत ओढले, डोळे मिटले.

"येत नाहीये," ते म्हणाले. "तोंड कोरडं पडलंय."

"घाई नाही, काका," शिट्टी म्हणाला.

"समोर पुस्तक दिसतंय ना, त्यामुळे."

शिट्टीने पुस्तक पाठीमागे धरलं. बाबांनी पुन्हा प्रयत्न केला. फक्त 'थू' असा आवाज आला. नियमात आवाजाचा गुन्हा नाही. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते चुकीच्या ठिकाणी आलं.

"राहू दे," आत्या म्हणाली, आणि तिने त्यांचा हात धरला. "उभा राहिलास ना."

मी तोवर निकालाचा कागद उलटा केला होता. मागे लिहिलं होतं: *निकालाने व्यथित झालेल्या व्यक्तीस फेरविचाराचा अर्ज करता येईल. सदर अर्जावर पंधरा दिवसांनंतरच निर्णय देण्यात यावा. तोपर्यंत जैसे थे.* व्यथित व्यक्ती दोषीच असली पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. निर्दोष सुटल्यामुळे कोणी व्यथित होईल, हे टाइप करणाऱ्याच्या डोक्यात आलं नसणार.

"टोप्या पडायला किती दिवस?" मी विचारलं.

आत्याने भिंग लावलं. शिट्टीने शेजारून मान घातली. दोघं एकदमच म्हणाले, "पाच-सहा."

फेटाळायला पंधरा. अर्ज मंजूर होण्याची अजिबात गरज नव्हती. तो नुसता टेबलावर पडून राहायला हवा होता, आणि आमच्या ऑफिसात कागद ते काम मन लावून करतात. शिट्टीने पट्टी पुन्हा गुंडाळायला घेतली, या वेळी भराभर. मी ऑफिसात जाऊन आत्याला माझ्या खुर्चीत बसवलं, बाबांना दाराशी उभं केलं आणि ती सांगेल तसं टाइप केलं. आवक खिडकी पाचला बंद होते. चार वाजून पन्नास मिनिटांनी तिथल्या माणसाने न वाचता शिक्का मारला. अर्ज असा:

*प्रति, मा. सुनावणी अधिकारी. विषय: निर्दोष ठरवल्याबद्दल हरकत.*

*महोदया, अर्जदार ही झाड क्रमांक ११४ वरील शेवाळावर पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या तोंडाने व स्वतःच्या इच्छेने थुंकली असून, तिच्या वयाकडे पाहून तिला सोडून देणे हा तिच्यावर अन्याय आहे. सदर वय अर्जदाराने शेवाळ बघण्यात घालवलेले असून ते अनवधान या सदरात मोडत नाही. तरी अर्जदारास दोषी ठरवावे, व शिक्षा म्हणून सदर खोडाची राखण तिच्याकडे तहहयात सोपवावी. तज्ज्ञ महोदयांनी टोप्या पडल्यावर मोटारीतून उतरून, झाडापाशी गुडघे टेकून, बोंडाचे दात एकेक करून मोठ्याने मोजावेत. दात सुटे निघाल्यास अर्जदार लेखी माफी मागेल. जोडीने निघाल्यास, सदर वनस्पतीस न बघता सामान्य म्हटल्याबद्दल आपल्या कार्यालयाने दिलगिरी व्यक्त करावी, व ती दिलगिरी सही-शिक्क्यानिशी त्याच खोडावर, खिळा न ठोकता, शेवाळास स्पष्ट दिसेल अशा बेताने लावावी, ही नम्र विनंती.*